चिडवणं, चिथावणं, भडकवणं: इंग्रजीत यातला कुठला शब्द कधी वापरायचा

मीटिंगचे मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे होतं. एका ताईंनी जादा तासांचा विषय काढला, त्यावर तासभर चांगली चर्चा झाली, आणि मी मिनिट्समध्ये लिहिलं की त्यांनी डिस्कशन 'इन्साइट' (incite) केलं. मला म्हणायचं होतं की त्यांच्यामुळे चर्चा सुरू झाली, बस एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या प्रिंट घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या, त्या एका शब्दाखाली पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या, आणि म्हणाल्या, "अगं, मी काय दंगल घडवली का?" आवाज अजिबात चढलेला नव्हता पण डोळे भरलेले होते, आणि तोपर्यंत तो कागद वरपर्यंत जाऊन वाचून झालेला होता.

त्या दिवसापासून मी हे शब्द एकेक करून नीट शिकले. आपल्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत प्रोव्होक बघा, इन्साइट बघा, इन्स्टिगेट बघा, सगळ्यांपुढे तेच तीन शब्द, चिथावणे, भडकावणे, प्रवृत्त करणे. त्यामुळे आपल्याला वाटतं सगळे सारखेच, कुठलाही उचला आणि लावा. तसं नाहीये. यातल्या एका शब्दाने माणूस गुन्हेगार ठरतो आणि दुसऱ्याने त्याच माणसाचं कौतुक होतं. जो गोंधळ माझा झाला तो तुमचा होऊ नये म्हणून मी ज्या क्रमाने शिकले त्याच क्रमाने सांगते.

आधी हे जवळ ठेवा

- इंग्रजी-टू-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची, दोन्ही ऑनलाइन फुकट आहेत. इंग्रजी-मराठी डिक्शनरी या कामाला पुरत नाही, ती फक्त शब्दाच्या गल्लीपर्यंत नेऊन सोडते, घर दाखवत नाही.
- कोलोकेशन डिक्शनरी, म्हणजे कुठल्या शब्दाबरोबर कुठला शब्द बसतो ते सांगणारी.
- एक साधी वही. मोबाइलमधली नोट नको, वहीच घ्या, कारण बाण काढावे लागतात.
- रोज एक इंग्रजी बातमी, ज्यात कुणीतरी कुणावर तरी चिडलेलं आहे. अशी बातमी मिळणार नाही असा दिवस उगवत नाही.

## पायरी १: क्रियापदाच्या पुढे कोण आहे ते बघा, माणूस की प्रतिक्रिया

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, बाकी विसरलात तरी ही विसरू नका.

काही शब्द थेट माणसाला लागतात. 'राइल' (rile, चिडवणं), 'गोड' (goad, टोचत राहणं), 'टाँट' (taunt, डिवचणं), 'नीडल' (टोचून बोलणं), 'अँटॅगनाइझ' (वैर ओढवून घेणं), 'इन्फ्युरिएट' (प्रचंड संतापवणं), यांच्या पुढे माणूसच येणार. ही राइल्ड मी, शी नीडल्ड हिम.

काही शब्द माणसाला लागतच नाहीत, त्यांना माणसातून बाहेर आलेली गोष्ट लागते, म्हणजे उत्तर, आठवण, हसू, संताप. 'इलिसिट' (elicit, उत्तर काढून घेणं) आणि 'इव्होक' (आठवण जागी करणं) हे असे. आय इलिसिटेड हिम असं होत नाही, आय इलिसिटेड अ रिस्पॉन्स फ्रॉम हिम असं होतं. 'फोमेंट' (हळूहळू चिघळवणं) हाही असाच, फोमेंट अनरेस्ट होईल, फोमेंट हिम होणार नाही.

आणि 'प्रोव्होक' दोन्हीकडे चालतो. प्रोव्होक हिम म्हटलं की डिवचलं. प्रोव्होक अ डिबेट म्हटलं की वाद किंवा चर्चा घडवली, आणि त्यात वाईट काही असेलच असं नाही. म्हणजे शब्द तोच, पण पुढे माणूस आला की काटा आणि पुढे गोष्ट आली की कधी काटा कधी फूल.

'इन्स्टिगेट'ची गंमत थोडी वेगळी आहे. आपल्याकडे सर्रास म्हणतात 'त्याने मला इन्स्टिगेट केलं', आणि कायद्याच्या जुन्या इंग्रजीत माणसाला इन्स्टिगेट करणं आहेसुद्धा. पण आजच्या इंग्रजीत इन्स्टिगेट बहुतेक वेळा घटनेला लागतो, इन्स्टिगेट अ फाइट, इन्स्टिगेट ॲन इन्क्वायरी. पहिल्यात भांडण लावून दिलं, दुसऱ्यात चौकशी सुरू केली, आणि दुसऱ्यात कुणाची बदनामी नाही. माणसाबद्दल बोलायचं असेल तर गोड किंवा इन्साइट वापरा, वाक्य लगेच सरळ होतं.

वहीत दोन रकाने करा, डावीकडे माणूस, उजवीकडे प्रतिक्रिया, आणि प्रत्येक नवा शब्द कुठल्या रकान्यात जातो ते बघून लिहा. दोन्हीकडे जाणाऱ्याला मधे लिहून दोन बाण. मी सांगितलेले बाण ते हेच.

## पायरी २: नुसता राग आला की काही घडलं?

'इरिटेट', 'ॲनॉय', 'इन्फ्युरिएट' यांत फक्त मनात राग येतो, तिथेच संपतं. समोरच्याने काही केलंच पाहिजे असं नाही, तो गप्प बसून आतल्या आत जळू शकतो.

'प्रोव्होक'मध्ये राग येतो आणि त्यातून काहीतरी बाहेर पडतं, ओरडणं, मारणं, उलट उत्तर.

'इन्साइट'मध्ये रागापेक्षा कृती महत्त्वाची. कुणीतरी लोकांना सांगतोय की उठा आणि हे करा, आणि ते 'हे' जवळपास नेहमी वाईट किंवा बेकायदा असतं. इन्साइटच्या पुढे कुठले शब्द येतात ते कोलोकेशन डिक्शनरीत बघा, व्हायलन्स, हेट्रेड, रायट, रिबेलियन, म्युटिनी. ही यादी मी आधी बघितली असती तर त्या ताईंच्या नावापुढे तो शब्द गेलाच नसता.

कायद्यातही हा शब्द वजनदार आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये ब्रँडेनबर्ग खटल्यात ठरवलं की भाषण कितीही जहाल असलं तरी नुसत्या जहालपणासाठी शिक्षा देता येत नाही, ते भाषण ताबडतोब बेकायदा कृत्य घडवण्यासाठी इन्साइट करणारं हवं आणि तसं कृत्य घडण्याची शक्यताही हवी. म्हणजे भाषणाने लोक चिडले, संतापले, रात्रभर झोपले नाहीत, तरी ते इन्साइट होत नाही. इन्साइटमध्ये पाऊल उचलायला लावणं आहे.

प्रोव्होक आणि इन्साइटमधला फरक मला एका मॅचमुळे कायमचा कळला. २००६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, बर्लिन, एक्स्ट्रा टाइम चालू होता. इटलीचा मॅटेराझी फ्रान्सच्या झिदानला काहीतरी बोलला, झिदान दोन पावलं पुढे गेलेला तो मागे वळला आणि त्याने डोकं खाली घालून मॅटेराझीच्या छातीत धडक मारली. रेड कार्ड मिळालं, आणि पुढे इटली पेनल्टीवर जिंकली. आता बघा, मॅटेराझीने झिदानला 'मला धडक मार' असं सांगितलं होतं का? नाही. म्हणून तिथे इन्साइट चालत नाही. तो बोलला, समोरच्याचा तोल गेला, म्हणून प्रोव्होक. फिफाने नंतर दोघांवरही बंदी घातली, झिदानवर ३ सामन्यांची आणि मॅटेराझीवर २ सामन्यांची. इंग्रजीतला प्रोव्होकेशन शब्द असाच दोन्हीकडे बघतो, डिवचणाऱ्याचा दोष धरतो पण हात उचलणाऱ्याला सोडत नाही.

## पायरी ३: मुद्दाम केलं की चुकून झालं?

गोड, टाँट, बेट (bait, आमिष टाकून डिवचणं), नीडल, एग ऑन (फूस लावणं), इन्साइट, हे चुकून होत नाहीत. यातला शब्द लावला की तुम्ही समोरच्याच्या हेतूबद्दल बोलताय, मग ते सिद्ध करायची तयारी ठेवा.

ॲनॉय, इरिटेट, अपसेट, प्रोव्होक, हे नकळत होऊ शकतात. आणि 'ट्रिगर'ला तर हेतूच नसतो, धुळीने खोकला ट्रिगर होतो, आवाजाने डोकेदुखी ट्रिगर होते, धुळीचा काय हेतू असणार.

तक्रारीचा ईमेल लिहिताना हे फार उपयोगी पडतं. 'तुम्ही मला गोड करताय' लिहिलं तर भांडण सुरू, 'हा प्रकार मला इरिटेट करतोय' लिहिलं तर अजून बोलायला जागा उरते.

## पायरी ४: शब्दाच्या पोटातलं चित्र बघा

नुसतं पाठ केलं तर चार दिवसांत उडून जातं. पण या शब्दांच्या पोटात जुनी चित्रं आहेत आणि त्यातली बरीचशी आपल्याला मराठीतून ओळखीची निघतात, ते कळल्यावर मला हे शब्द आवडायलाच लागले. ही पायरी सावकाश वाचा.

टोचणारे शब्द. बैल हाकायची काठी असते, टोकाला लोखंडाची आर लावलेली, आपण तिला पराणी म्हणतो. इंग्रजीत तीच 'गोड'. उच्चार आपल्या गोड-कडूतल्या गोडच्या जवळचा, म्हणून पहिल्यांदा हसू येतं, पण अर्थ पराणीचा आहे. बैलाला एकदाच टोचत नाहीत, तो चालेपर्यंत टोचत राहतात, म्हणून गोडमध्ये सतत टोचत राहणं आहे आणि शेवटी समोरच्याने काहीतरी करून बसणं आहे. ही गोडेड मी इंटू साइनिंग, म्हणजे इतकं टोचलं इतकं टोचलं की शेवटी सही करून मोकळी झाले.

'स्पर' म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेला लावलेली काटेरी चकती. आपण घोड्याला टाच मारली म्हणतो ना, तेच. पण गंमत अशी की गोड बहुधा वाईट आणि स्पर बहुधा चांगला. टीकेने तिला स्पर केलं म्हणजे ती अजून जोमाने कामाला लागली, तिला चेव आला.

'इन्स्टिगेट'च्या मुळातही टोचणंच आहे, लॅटिन मूळ, आणि त्याचं लांबचं नातं संस्कृतातल्या तीक्ष्ण आणि तेज या शब्दांशी आहे. 'नीडल' म्हणजे सुई, म्हणजे बारीक बारीक टोचून बोलणं, घाव मोठा नाही पण जिव्हारी लागतो.

'एग ऑन'मध्ये अंडं नाही. हा एग जुन्या नॉर्स भाषेतून आलाय, तिथे त्याचा संबंध धारेशी आहे, आणि इंग्रजी 'एज' त्याचाच भाऊबंद आहे. मित्र मागे उभे राहून 'मार उडी, मार, काय होतंय' म्हणतात ते एग ऑन. आपलं 'फूस लावणं' याच्या अगदी जवळ आहे. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं मात्र वेगळं, त्यात खोटी स्तुती असते, एग ऑनमध्ये स्तुती लागत नाही, नुसता दंगा पुरतो.

आगीचे शब्द. 'इन्फ्लेम' म्हणजे ज्वाळा लावणं. 'स्टोक' म्हणजे भट्टीत कोळसा ढकलून आग पेटती ठेवणं, म्हणून स्टोक फिअर म्हणतात, भीती आधीपासून होती, हा फक्त कोळसा टाकत राहिला. 'ॲड फ्युएल टू द फायर' म्हणजे आपलं आगीत तेल ओतणं, जसंच्या तसं.

'इन्सेन्स' हा शब्द धूप-उदबत्तीसाठीही आहे आणि प्रचंड संतापवण्यासाठीही, दोन्हींचं मूळ एकच, पेटवणं. धूप म्हणायचा असेल तर जोर सुरुवातीला, इन्सेन्स मधल्या 'इन'वर. संताप म्हणायचा असेल तर जोर 'सेन्स'वर. बोलताना एवढं सांभाळा.

माझा लाडका शब्द 'फोमेंट'. दुखऱ्या गुडघ्याला गरम पाण्याचा शेक देतात त्याला डॉक्टर फोमेंटेशन म्हणतात, ते ऐकलंच असेल. फोमेंटचं मूळ तेच, ऊब देणं. अशांतता फोमेंट करणारा माणूस काडी लावून पळत नाही, तो हळूहळू ऊब देत बसतो, आज एक अफवा, उद्या एक कुजबुज, महिनाभराने सगळं आपोआप उकळतं. काडी टाकणं आणि शेक देत राहणं यात जेवढा फरक आहे तेवढाच स्पार्क आणि फोमेंटमध्ये.

पाणी गढूळ करणारा शब्द. 'राइल' हा 'रॉइल'चा भाऊ, म्हणजे शांत पाणी ढवळून तळाचा गाळ वर आणणं. राइल अप म्हणजे मनातला बसलेला गाळ वर आणणं. घरगुती, बोलण्यातला शब्द आहे, ऑफिशियल रिपोर्टमध्ये नको.

हाक मारणारे शब्द. प्रोव्होक, इव्होक, इन्व्होक, तिन्हींत शेवटी व्होक आहे, लॅटिनमध्ये हाक मारणं. आपल्या वाचा या शब्दाशी त्याचं लांबचं रक्ताचं नातं आहे. प्रोव्होक म्हणजे हाक मारून पुढे ओढणं, ये की समोर. इव्होक म्हणजे आतून बाहेर बोलावणं, पहिल्या पावसाच्या वासाने बालपण इव्होक होतं. इन्व्होक म्हणजे आवाहन करणं, देवाचं किंवा नियमाचं. ही इन्व्होक्ड रूल फाइव्ह म्हणजे त्याने पाचव्या नियमाचा आधार घेतला, नियमाला चिडवलं नाही. हे तीन एकमेकांत अडकतात, तेव्हा त्यांची एक वेगळी पानभर नोंद करा.

जड आणि खरखरीत. 'ॲग्रव्हेट'मध्ये ग्रॅव्हिटी आहे, म्हणजे आपलं गुरुत्व, आणि हे दोन्ही शब्द खरोखर एकाच जुन्या मुळाचे आहेत. ॲग्रव्हेट म्हणजे आधीच असलेलं दुखणं अजून जड करणं, जखमेवर मीठ चोळणं. बोलण्यात लोक ते 'वैताग आणणं' म्हणूनही वापरतात पण लिहिताना पहिल्या अर्थालाच धरून राहा. 'एक्झॅस्परेट'मध्ये खडबडीतपणा आहे, एकदा घासलं तर काही नाही, सारखं सारखं घासलं की कातडी सोलते. जीव मेटाकुटीला येतो ते एक्झॅस्परेट.

## पायरी ५: रागाची शिडी लावा

वरून खाली वाचा, राग चढत जातो.

- अर्क: जरासं खटकणं
- ॲनॉय: वैतागणं
- इरिटेट: चिडचिड
- एक्झॅस्परेट: सहनशक्ती संपणं
- अँगर: राग आणणं
- इन्फ्युरिएट, एनरेज, इन्सेन्स: तळपायाची आग मस्तकात

आपल्या लोकांची सवय अशी की एकतर इरिटेट नाहीतर थेट फ्युरियस, मधल्या पायऱ्याच नाहीत. बस दहा मिनिटं उशिरा आली की इन्फ्युरिएटिंग, आणि मग खरंच कुणी विश्वासघात केला तर शब्दच उरत नाही. मधल्या पायऱ्या वापरा.

'आउटरेज' या शिडीत बसत नाही, बाजूला ठेवा. त्यात राग आहे आणि सोबत 'हे अन्यायाचं आहे' अशी भावनाही आहे. चप्पल तुटली तर आउटरेज होत नाही.

## पायरी ६: राग नसेल तर रागाचा शब्द लावू नका

माझी चूक इथलीच होती. कुणाकडून उत्तर हवंय, प्रतिक्रिया हवीय, काम सुरू व्हायला हवंय, आणि राग कुठेच नाही, तेव्हा हे शब्द आहेत.

'इलिसिट', माहिती किंवा उत्तर काढून घेणं, थोडं कष्टाने. मुलाखतीत, सर्व्हेमध्ये हा शब्द शोभतो. याचा उच्चार 'बेकायदा' अर्थाच्या इलिसिटसारखाच आहे, स्पेलिंग वेगळं. उत्तरवाल्याचं ई ने सुरू होतं, बेकायद्याचं आय आणि मग दोन एल. स्पेलचेक ही चूक पकडतोच असं नाही कारण दोन्ही शब्द खरे आहेत, स्वतःच बघा.

'प्रॉम्प्ट', हळूच पुढे ढकलणं. नाटकात विंगेत उभा राहून विसरलेलं वाक्य पुरवतो तो प्रॉम्प्टर, त्याच्या आवाजात राग असतो का कधी? एआयला आपण देतो तेही प्रॉम्प्टच. हा शब्द जवळपास कुठेही सुरक्षित आहे, अडलात की हाच घ्या.

'स्टिम्युलेट', विचार, भूक, व्यापार यांना चालना देणं. 'इन्ड्यूस', झोप, उलटी, बाळंतकळा अशा शरीरातल्या गोष्टी घडवून आणणं. 'अराउज'ला जपा, कुतूहल किंवा संशय अराउज करणं ठीक आहे पण माणसाला अराउज करणं म्हटलं की अर्थ शृंगाराकडे जातो. तसंच 'प्रोव्होकेटिव्ह', मुद्दाम खळबळ करणारं किंवा शरीराकडे लक्ष वेधणारं, दोन्ही अर्थ चिकटलेले आहेत, म्हणून एखादीच्या प्रेझेंटेशनचं कौतुक करायचं असेल तर प्रोव्होकेटिव्ह म्हणू नका, थॉट-प्रोव्होकिंग म्हणा.

## पायरी ७: मागची शेपटी बरोबर लावा, टू, इंटू की ऑन

- इन्साइट समवन टू व्हायलन्स, किंवा टू डू समथिंग
- इन्साइट हेट्रेड अगेन्स्ट समवन
- प्रोव्होक समवन इंटू शाउटिंग
- गोड समवन इंटू रिझाइनिंग
- एग समवन ऑन
- स्पर समवन ऑन, किंवा टू डू समथिंग
- प्रॉम्प्ट समवन टू डू समथिंग

इंटू आलं की त्याच्या मागे आयएनजीवालं रूप येतं, टू आलं की साधं क्रियापद किंवा नाम. एवढ्यावर बरंच भागतं.

## पायरी ८: नेटवरचे शब्द

'रेज बेट' हा ऑक्सफर्डने २०२५ सालचा शब्द म्हणून निवडला. मुद्दाम संताप येईल असं काहीतरी टाकायचं, म्हणजे लोक तुटून पडतात, कमेंट्स वाढतात आणि पोस्ट पसरते. बेट म्हणजे गळाला लावलेलं आमिष. शब्द नवा वाटतो पण तो २००२ मध्ये एका ऑनलाइन पोस्टमध्ये आला होता, मागच्या गाडीवाल्याने पुढे जायला लाइट फ्लॅश केल्यावर ड्रायव्हर कसा चिडतो त्याबद्दल. क्लिकबेटला तुमचं क्लिक हवं असतं, रेज बेटला तुमचा राग हवा असतो, एवढा फरक लक्षात ठेवा.

'ट्रोल' करणं यातही मासेमारी आहे, चालत्या होडीमागे आमिष ओढत नेणं म्हणजे ट्रोलिंग. आणि त्यावर दिलेलं उत्तरही मासेमारीतलंच, डोंट टेक द बेट, गळाला लागू नका.

'विंड अप' वाचताना वाइंड अप, ब्रिटिश लोक चावीच्या खेळण्यासारखं माणसाला चावी देणं या अर्थी वापरतात, खोडी काढणं. यू आर वाइंडिंग मी अप म्हणजे माझी चेष्टा करतोयस. पण वाइंड अप द मीटिंग म्हणजे मीटिंग आवरती घेणं, त्यामुळे पुढे कोण आहे ते परत पायरी १ प्रमाणे बघायचंच.

'पुश समवन्स बटन्स' म्हणजे एखादा कुठे दुखावतो ते माहीत असून तिथेच बोट ठेवणं. हे बहुतेक जवळचीच माणसं करतात कारण बटणं कुठे आहेत ते त्यांनाच माहीत असतं.

आणि 'ट्रिगर्ड'. मूळ डच शब्द, ओढणं, त्यातून बंदुकीचा चाप. मानसोपचारात भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाला एखाद्या वासाने, आवाजाने तो प्रसंग परत अंगावर येतो, त्या कारणाला ट्रिगर म्हणतात. आता कुणी जरा चिडलं की 'ट्रिगर झाला' म्हणून चिडवतात. मी हे बोलणं सोडून दिलंय. समोर बसलेल्यातलं कोण कशातून गेलंय आपल्याला माहीत नसतं, आणि ज्याला खरंच त्रास होतो त्याच्याकडे तेवढा एकच शब्द आहे, तो आपण थट्टेत का संपवायचा.

## पायरी ९: नेहमीचे खड्डे

आय ॲम इरिटेटिंग. मराठीत 'मला इरिटेट होतंय' म्हणतो, त्यावरून हे वाक्य तोंडात येतं, आणि त्याचा अर्थ होतो मी त्रासदायक माणूस आहे. चिडचिड तुम्हाला होतेय तर आय ॲम इरिटेटेड. ॲनॉइंग-ॲनॉइड, प्रोव्होकिंग-प्रोव्होक्ट सगळीकडे तेच, आयएनजी करणाऱ्याचं, ईडी सोसणाऱ्याचं.

ॲजिटेटेड. ॲजिटेशन म्हणजे आंदोलन हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण शी वॉज ॲजिटेटेड म्हणजे ती अस्वस्थ होती, घालमेल होत होती. आंदोलन करायचं असेल तर ॲजिटेट फॉर समथिंग, शेपटीला फॉर हवं.

टीझ आणि टाँट. टीझ प्रेमाने होऊ शकतं, भाऊ बहिणीला करतो तसं. टाँटमध्ये प्रेम नाही, त्यात डिवचणं आहे, हिंमत असेल तर ये असा सूर आहे. मराठीतला 'टाँट मारला' म्हणजे टोमणा, तो बराच मवाळ, इंग्रजी टाँट त्यापेक्षा बोचरा.

अनप्रोव्होक्ट. अनप्रोव्होक्ट अटॅक म्हणजे काहीही कारण नसताना केलेला हल्ला. हा शब्द लिहिलात की सगळा दोष एका बाजूला गेला, म्हणून खात्री असेल तरच.

## पायरी १०: एकच प्रसंग, सगळे शब्द

वहीत एक प्रसंग घ्या आणि त्याच्यावर सगळे शब्द बसवून बघा, यासारखा सराव नाही. मी केलेला देते.

मॅचमध्ये एक खेळाडू दुसऱ्याला त्याच्या जुन्या चुकीवरून सारखं बोलत राहिला: टाँटेड. अर्धा तास ऐकून दुसऱ्याने शेवटी धक्का दिला: गोडेड इंटू पुशिंग हिम. पहिल्याचे मित्र मागून 'अजून बोल' म्हणत होते: एग्ड हिम ऑन. प्रेक्षकांतला एकजण खुर्चीवर चढून ओरडला, मैदानात घुसा: इन्साइटेड द क्राउड टू इन्व्हेड द फील्ड. कॅप्टनचं बोलणं ऐकून लोक अजून पेटले: इन्फ्लेम्ड. त्या प्रकारामुळे चौकशी लागली: ट्रिगर्ड ॲन इन्क्वायरी. चौकशी कमिटीने सुरू केली: इन्स्टिगेटेड ॲन इन्क्वायरी. प्रश्न विचारले पण कुणी तोंड उघडलं नाही: इलिसिटेड नो रिस्पॉन्स. आणि घरी टीव्हीवर बघणाऱ्या एका म्हाताऱ्या खेळाडूला स्वतःचे दिवस आठवले: इव्होक्ड.

## पायरी ११: पाठवायच्या आधी विचारा, साध्या शब्दात होतंय का

स्टार्ट, कॉझ, लीड टू, रेझ, हे चार शब्द कुणाला दुखवत नाहीत. कुणाचं नाव असलेल्या वाक्यात वरचा कुठलाही टोकदार शब्द आला की तो एकदा झाकून तिथे साधा शब्द ठेवून वाचा, अर्थ तसाच राहिला तर साधाच ठेवा. मी त्याच आठवड्यात मिनिट्सची सुधारलेली प्रत काढली, सगळ्यांना पुन्हा पाठवली, आणि पाठवायच्या आधी ते वाक्य त्या ताईंना दाखवलं. आता तिथे लिहिलं होतं, शी रेझ्ड द इश्यू ऑफ ओव्हरटाइम, ॲन्ड हर क्वेश्चन प्रॉम्प्टेड अ लाँग डिस्कशन. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "हां, हे मी केलं होतं."